कोणतं कापड आधी पेटतं

आमच्या घरी नवं कापड आलं की ते आधी जळायचं, मग शिवलं जायचं. म्हणजे अख्खं नव्हे, एक धागा. माय काठाकडून एक सूत ओढायची, चुलीपुढे उकिडवी बसायची, विस्तवाला ते सूत लावायची आणि डोळे बारीक करून बघायची. त्याची राख होऊन बोटांतून भुरभुरली तर कापड सुती, त्याला घर मोकळं. आक्रसून काळी टणक गुठळी झाली तर नायलॉन. मग ते कोणी आणलंय, किती हौसेनं आणलंय, याची तिला फिकीर नसे. परत. बाबा शिंपी होते, आमची भाकर कापडावरच होती, त्यामुळे गिऱ्हाइकांच्या नायलॉनला तिची ना नव्हती. पण शिवून झालं की ते त्याच दिवशी घराबाहेर. चुलीजवळ वावरणाऱ्या बाईच्या अंगावर नायलॉन नको, हा आमच्या घरचा कायदा होता. दुसऱ्यांनी केलेले शिवाशिवीचे कायदे आमच्या लोकांनी पिढ्यान् पिढ्या सोसले. हा एक मात्र आमच्या मायनं स्वतः केलेला, आणि तोही तितकाच कडक.

आम्ही हिंगणघाटला राहायचो, एका जिनिंगच्या मागच्या गल्लीत. हंगामात हवेत रुई इतकी उडायची की पाण्याच्या घागरीवर फडकं बांधलं नाही तर घोटाघोटाला पिंजलेला कापूस तोंडात यायचा. सकाळी मिलचा भोंगा, मग बाबांच्या मशीनची खडखड, मग मायच्या भाकरी थापण्याचा आवाज, याच क्रमानं आमचा दिवस उजाडायचा. घरात दोनच खोल्या. पुढच्या खोलीत मशीन, मागच्या खोलीत चूल, आणि मध्ये पडदा म्हणून कुणाच्या तरी चादरीचं उरलेलं कापड. जेवायला ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, नाहीतर चून, म्हणजे पिठलं, वरून कच्च्या तेलाची धार. रविवारी पाटवडीचा रस्सा, तो मात्र असा झणझणीत की बाबा नाक पुसत पुसत दुसऱ्यांदा मागायचे. मी शेंडेफळ. शाळेत नाव काहीही असो, घरी बेबी. आता सत्तरी उलटली, गुडघे बोलतात, नालवाडीच्या या घरात गॅसच्या तीन शेगड्या आहेत, तरी आर्वीहून शांताचा फोन आला की मी बेबीच.

शांता माझी मोठी बहीण. दिसायला देखणी, स्वभावानं गरीब, आणि कपड्यांची भारी वेडी. शिंप्याची पोरगी असून तिच्या वाट्याला काय, तर जाडंभरडं मांजरपाट, नाहीतर गोधडीसारखं पॉपलीन. तेव्हा नायलॉनच्या साड्यांची नुसती साथ आली होती. धुतली की वाळली, इस्त्री नको, चुण्या पडत नाहीत, रंग जात नाही. गल्लीतल्या बाया त्या नेसून नळावर यायच्या आणि शांता त्यांच्या पदराकडे असं बघायची की मलाच तिची कीव यायची. मायपुढे बोलायची मात्र टाप नव्हती, कारण मायच्या कायद्याचं कारण आम्हा सगळ्यांना माहीत होतं. ते कारण म्हणजे कमळमावशी.

कमळमावशी मायची धाकटी बहीण. सेलूकडच्या एका गावात दिली होती. तिथंच ती पहिलटकरीण बाळंत झाली आणि बाळंतपणातच भाजून गेली. बाजेखाली शेकायला शेगडी ठेवतात, तिच्यातून कपड्यानं पेट घेतला. पोराला तेल लावायला सासूनं अंगणात नेलं होतं म्हणून ते वाचलं. मी तेव्हा फार लहान होते. मला आठवते ती फक्त माय, सेलूहून परत आलेली, भिंतीला टेकून बसलेली, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक बाईला एकच सांगणारी की नायलॉननं नेली माही बहीण. बायाही मान डोलवायच्या. नायलॉननं अमकी जळाली, तमकी जळाली, हे तेव्हा जो तो सांगायचा. तेव्हापासून आमच्या घरी सूत जाळायची रीत सुरू झाली. कुणाच्या घरी मीठमोहऱ्या उतरतात, आमच्या घरी धागा जळायचा, इतकाच फरक.

अशा घरात शांतासाठी आर्वीचं स्थळ आलं. मुलगा एसटीच्या डेपोत मेकॅनिक. बघायला आला, चार जणांत बसला तेव्हा त्यानं एकदाच मान वर करून शांताकडे पाहिलं आणि हातातल्या कपातला चहा स्वतःच्या पँटीवर सांडला. एवढं शांताला पुरलं. ती दिवसभर गुणगुणत भांडी घासत होती. मलाही तो आवडला, कारण त्यानं मला 'काय शिकून राह्यली?' असं विचारलं, आणि विज्ञान आवडतं म्हटल्यावर हसला नाही.

साखरपुडा आमच्याच घरी झाला. आमच्यात नवरी लग्नाला पांढरी साडी नेसते आणि ती साडी नवऱ्याकडचे आणतात. मुलाच्या आईनं, म्हणजे शांताच्या होणाऱ्या सासूबाईंनी, ती साखरपुड्यालाच आणली. बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावली होती, वंदना झाली होती, पोह्यांच्या ताटल्या फिरत होत्या. सासूबाईंनी साडी उघडून सगळ्यांना दाखवली. पांढरी शुभ्र, झुळझुळीत, काठाला बारीक चंदेरी वेल. बायांनी 'वा वा' केलं. शांताचा चेहरा तर असा फुलला की मी आजही तो विसरलेली नाही. सासूबाईंनी साडी मायच्या हातात दिली. मायनं ती चाचपली, बोटांत चोळली, आणि मग तिनं काय करावं? काठाचा एक धागा ओढला, मेणबत्तीपाशी गेली आणि लावला तो ज्योतीला. सवयीनं गेला म्हणा तिचा हात, की मुद्दाम गेला, कोण जाणे. मी तिच्या बाजूलाच होते. धागा आक्रसला, त्याची गुठळी झाली, आणि घरात जळका उग्र वास सुटला. माय वळली आणि भरल्या घरात म्हणाली, "नायलॉन हाये."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. पोहे खाणाऱ्यांचे घास हातात राहिले. सासूबाईंचा चेहरा उतरला आणि लगेच तापला. त्या उठल्या, साडी घडी केली, ती मायच्या हातात परत ठेवली आणि सावकाश म्हणाल्या, "नवरीच्या साडीले आग लावली तुमी." एवढंच. ताटल्या तशाच ठेवून मंडळी दुपारच्या गाडीनं आर्वीला गेली. बाबा स्टँडपर्यंत मागे मागे गेले, हात जोडले. परत येऊन ते मशीनवर बसले आणि एका जुन्या पायजम्याला उगाच टीप मारत राहिले.

चार दिवसांनी मध्यस्थ आला. निरोप असा, की मुलगी पसंत आहे, मुलगा हट्ट सोडत नाही, पण लग्नाला मुलगी उभी राहील तर याच साडीत. नाहीतर दुसरं घर पाहा. खरं सांगायचं तर निरोप काही वाईट नव्हता. त्या बाईची साडी भरल्या सभेत जळाली होती, तिला आपला मान हवा होता. पण मायनं ऐकून घेतलं आणि साफ सांगितलं की नायलॉन नेसून माझी पोरगी मेणबत्ती लावणार नाही. सुती आणा, साधी आणा, फाटकी आणा. मध्यस्थानं बाबांकडे पाहिलं, बाबांनी जमिनीकडे. बाबा बिचारे कात्रीनं कापड कापण्यात पटाईत, पण बायकोचं बोलणं कापायची हिंमत त्यांच्यात कधीच नव्हती. मध्यस्थ म्हणाला, रविवारी फिरून येतो, तोवर काय ते ठरवा.

शांतानं जेवण टाकलं. रडारड नाही, आदळआपट नाही, नुसतं ताटावरून उठून जायची. माय तिला बघायची आणि अजून जोरानं भाकरी थापायची. तीन माणसं आणि मी, आणि घरात मशीनशिवाय आवाज नाही. शेवटी एका दुपारी नळावर शांता मला म्हणाली, "बेबे, तू एवढं विज्ञान शिकतं. मायले दाखव ना का नायलॉन तेवढं वाईट नाई." मी म्हटलं, "आणि वाईटच निघालं त?" तिनं भरलेली घागर नळाखालून ओढली. मग म्हणाली, "मंग मी सोडून देतो नाद." तिनं ते अगदी शांतपणे सांगितलं आणि घागर कमरेवर घेऊन चालू लागली.

मी नववीत होते. आमच्या विज्ञानाच्या बाईंनी एक गोष्ट डोक्यात भरवली होती: ताडून बघायचं असेल तर एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं सारखं ठेवायचं. बाबांच्या मशीनखाली चिंध्यांचं गाठोडं होतंच. मी त्यातून हाताला लागेल ते काढलं. मांजरपाट, पॉपलीन, एका गिऱ्हाईक बाईच्या झंपरची उरलेली मलमल, टेरिकॉट, नायलॉन, शालूच्या काठाचा रेशमी तुकडा, आणि बाबांच्या विरलेल्या स्वेटरची लोकर. बाबांनी काही न विचारता सगळ्यांच्या सारख्या रुंदीच्या, सारख्या लांबीच्या पट्ट्या कापून दिल्या. अंगणात दोन विटांवर तार आडवी टाकली, तिला टाचणीनं एकेक पट्टी टांगायची, खालून काडी लावायची आणि गजराचं घड्याळ बघायचं. शांता घड्याळ धरून बसली. पाण्याची बादली जवळ. शनिवारची दुपार होती, वारा पडलेला. माय पायरीवर तांदूळ निवडत होती. आमच्याकडे बघत नाही असं दाखवत होती, पण एकच मूठ तांदूळ ती कितीदा निवडत होती ते मला दिसत होतं.

लोकर आधी लावली. केस जळल्याचा वास, थोडा धूर, आणि विझली. रेशमाचंही तेच, जरा जळलं आणि काळं होऊन थांबलं. मांजरपाटानं पेट घ्यायला वेळ लावला, पण एकदा घेतल्यावर सावकाश पार वरपर्यंत जळत गेलं, आणि ज्योत गेल्यावरही काठ लाल धगधगत राहिला. पॉपलीन त्याहून जलद. टेरिकॉट सगळ्यात ओंगळ. त्यातलं सूत जळत राहिलं आणि त्यात मिसळलेला कृत्रिम धागा वितळून पेटते थेंब खाली पडत राहिले, थांबता थांबेना. मग नायलॉन. मी काडी लावली तर ते ज्योतीपासून लांबच पळालं. वर वर आक्रसत गेलं, काही थेंब टपकले, धूर झाला आणि विझून गेलं. मी पुन्हा लावली, पुन्हा तेच. अर्धी पट्टी शिल्लक. शांताच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी जीव आला. पण त्यातला एक थेंब तिच्या पायाच्या अंगठ्यावर पडला आणि ती किंचाळली. थेंब कातड्याला चिकटून बसला होता. पाणी ओतून तो निघाला, पण फोड आलाच. पायरीवरून मायचा आवाज आला, "पाह्यलं? चिपकते थे." मला वाटलं, संपलं. आणि खरंच, ती काही खोटं बोलत नव्हती. नायलॉन चिकटतं. तो डाग शांताच्या अंगठ्यावर अजून आहे.

एकच कापड राहिलं होतं, मलमल. मी ती निव्वळ प्रयोग पूर्ण करायचा म्हणून लावली. काडी टेकते न टेकते तोच भप्‌ झालं आणि तारेवर काही उरलं नाही. राखेचा एक पापुद्रा हवेत तरंगत मायच्या सुपात जाऊन पडला. शांताला घड्याळ बघायलाही सवड मिळाली नाही. मी दुसरी पट्टी लावली. तीही तशीच. मी वर पाहिलं तर माय उठून उभी होती.

ती आमच्यापाशी आली, तारेसमोर बसली आणि म्हणाली, "अजून एक लाव." मी लावली. भप्‌. ती बराच वेळ रिकाम्या टाचणीकडे बघत राहिली. बाबा मशीन थांबवून दारात येऊन उभे राहिले होते. मग माय आमच्याकडे न बघता बोलायला लागली. "मले माहीत हाये," ती म्हणाली. "नायलॉन नव्हतं थे. कमळीच्या अंगावर माहं लुगडं होतं. मीच धाडलं होतं."

बाळंतिणीला नवं कापड टोचतं, म्हणून घरातलं जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं लुगडं पाठवायची पद्धत आमच्याकडे होती. मायनं स्वतःचं सगळ्यात आवडतं, पातळ मलमलीसारखं झालेलं लुगडं निवडून, उन्हात वाळवून, सेलूला पाठवलं होतं. ते नेसूनच मावशी बाजेवर बसली होती आणि त्याचंच टोक शेगडीत गेलं. सासरचे जे घडलं त्याच्या भीतीनं गप्प, आणि राख काही आपलं नाव सांगत नाही. पहिल्या दिवशी गल्लीतली कोणी बाई म्हणाली असेल, नायलॉनचं होतं काय वो? आणि माय हो म्हणाली. मग तेच म्हणत राहिली. "नायलॉन म्हटलं त दुकानदाराचा दोस," माय म्हणाली. "लुगडं म्हटलं त माहा."

म्हणून आम्हा दोघींना जाडंभरडं. पातळ कापड 'शोभत नाही' म्हणून ती आम्हाला घालू द्यायची नाही, त्याचा अर्थ मला त्या अंगणात कळला. मला तिच्या गळ्यात पडावंसं वाटलं, पण आमच्या घरी तशी पद्धत नव्हती. मी तिच्याजवळ सरकून बसले, एवढंच. मग तिनं मला जे विचारलं ते मी आयुष्यात कुणाला सांगितलं नव्हतं, आता लिहिते. तिनं जळकी टाचणी उचलली आणि विचारलं, "बेबे, असंच झालं असन काय वो? एवढ्याच टाइमात?"

मी नववीतली पोरगी. मला जे माहीत होतं ते सांगितलं, की मोठ्या कापडाला हवा जास्त भेटते, ते पट्टीपेक्षाही लवकर पेटते. काही लपवलं नाही. माय ऐकत होती. तिचे खांदे खाली आले. "मंग बरं," ती म्हणाली. "मले वाटे लय येळ वरडत असन. माह्या नावानं वरडत असन." आणि ती रडली. कमळमावशी गेल्यावर भिंतीला टेकून बसलेली माय मला आठवते, पण रडताना मी तिला त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. पुढं मी शिक्षिका झाले, जळण्याविषयी पुष्कळ वाचलं. कापड किती वेगानं पेटतं आणि माणसाला किती वेळ कळत राहतं, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. मायला मी ते कधीही सांगितलं नाही, आणि त्याचं मला तिळभरही वाईट वाटत नाही.

डोळे पुसून ती उठली आणि शांताला म्हणाली, "साडी आन. मस्त घसरते थे, निऱ्या कशा खोचाच्या थे दाखवतो तुले." शांता जागची हललीच नाही. तिला खरं वाटेना. मग बाबाच आत गेले आणि साडी घेऊन आले. रविवारी मध्यस्थ आला तर त्याला चुनासोबत भाकर वाढली आणि होकार दिला. त्या रात्री शांता दोन भाकरी जेवली. मायनं मोजल्या नाहीत, पण तिसरी वाढायला तिचा हात पुढे आला होता.

लग्न आर्वीला झालं. मांडवात गर्दी, लाउडस्पीकरची घरघर, मागे कढईत बुंदी पडत होती. त्या पांढऱ्या साडीत शांता अशी दिसत होती की मीसुद्धा, जिला साड्यांचं काडीचं वेड नाही, बघत राहिले. मूर्तीपुढे मेणबत्ती लावायची वेळ आली. शांता वाकली, आणि माय मुलीकडच्या बायांतून उठून सरळ पुढे गेली आणि तिनं शांताचा पदर मागून दोन्ही मुठींत घट्ट धरला. मांडव बघत राहिला. कुजबुज सुरू झाली. साखरपुड्याचा किस्सा आर्वीभर झालेलाच होता, आता या बाईनं पुन्हा साडीला हात लावला म्हटल्यावर काय, लोकांना आयतंच. सासूबाई पुढे आल्या. चेहरा कडक. म्हणाल्या, "सोडा आता. आमच्या साडीवर अजून भरोसा नाई काय?"

मला वाटलं, झालं, इथंच सगळं मोडतं. बाबांनी माझा दंड धरला. पण मायनं पदर सोडला नाही आणि आवाजही चढवला नाही. सगळ्यांना ऐकू जाईल असं, सरळ म्हणाली, "तुमची साडी चांगली हाये. माही बहीन माह्या लुगड्यानं जळाली. सुती होतं थे, मीच देल्लं होतं. म्हून धरतो."

लाउडस्पीकरची घरघर तेवढी चालू होती. सासूबाई क्षणभर मायकडे बघत उभ्या राहिल्या. मग त्या शांताच्या दुसऱ्या अंगाला गेल्या, वाकल्या आणि निऱ्यांचा घोळ त्यांनी आपल्या हातात गोळा करून धरला. दोघी बाया दोन बाजूंनी साडी धरून उभ्या, आणि मध्ये शांतानं मेणबत्ती लावली.